आंब्याची साल, कोय आणि कारखानदाराचा जमाखर्च

वैशाखाच्या अखेरीस रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील आंब्याचा रस काढणारे कारखाने, मग ते मोठ्या शेडमधले असोत वा घरच्या पडवीत चालणारे असोत, रात्रंदिवस सुरू असतात. पुढच्या दाराने हापूसची क्रेट उतरतात, भरलेले डबे वखारीत जातात, आणि मागच्या दाराने साल, कोय व पल्परच्या चाळणीत अडकलेला चोथा यांचे ढीग बाहेर पडतात. हे ढीग उचलण्यासाठी ट्रॅक्टरचे भाडे भरावे लागते, माश्यांमुळे शेजाऱ्यांच्या तक्रारी ऐकाव्या लागतात, आणि पहिल्या पावसाबरोबर त्यांतले आंबूस पाणी ओढ्यात उतरले म्हणजे ग्रामपंचायतीलाही उत्तर द्यावे लागते. सबब कारखानदाराच्या वहीत या मालाची नोंद झालीच तर ती खर्चाच्या बाजूला होते. वास्तविक याच मालात आहारतंतू, पेक्टिन, पिवळी रंगद्रव्ये आणि कोकोच्या लोण्याशी साम्य असणारी चरबी आहे, आणि योग्य तजवीज केली तर त्यातले काही जमेच्या बाजूला आणता येते. मात्र प्रयोगशाळेत जे सिद्ध झाले ते सर्वच लहान कारखानदाराच्या आवाक्यातले असते असे नाही. त्यातले आवाक्यातले कोणते, कोणते मोठ्या कारखान्यांवर सोपवावे, आणि आरंभ कोठून करावा, एवढे स्पष्ट करण्याच्या हेतूने हा लेख लिहिला आहे.

प्रथम ढोबळ हिशेब मांडू. एक टन पिकलेला हापूस प्रक्रियेस घेतला तर सुमारे दीडशे किलो साल आणि दीडशे ते दोनशे किलो कोयी निघतात. बागेप्रमाणे व हंगामाप्रमाणे यात फरक पडतो, पण एकंदर आवकेचा तिसरा हिस्सा, आणि रायवळ आंब्याच्या बाबतीत त्याहूनही अधिक, डब्यात जात नाही हे निश्चित. ओल्या सालीत पाऊण हिस्सा किंवा त्याहून जास्त पाणीच असते. म्हणून दीडशे किलो सालीतून वाळवण, निवड आणि दळण यांतली तूट जाऊन तीस-पस्तीस किलो भुकटी हाती येईल असे धरावे. कोयींचे बाहेरचे कठीण कवच काढून आतला गर वाळवला तर तो पन्नास किलोच्या आसपास भरेल, आणि त्यात चरबीचे प्रमाण साधारणतः शेकडा सहा ते बारा असल्यामुळे टनभर आंब्यामागे चार-पाच किलो चरबीची अपेक्षा करता येईल. हे आकडे समोर ठेवले म्हणजे पुष्कळसा मोह आपोआप आवरतो. हंगामात वीस-पंचवीस टन आंबा घेणाऱ्या माणसाने चरबी काढण्याची यंत्रसामग्री उभारणे म्हणजे भांडवल अडकवून ठेवणे होय. परंतु त्याच माणसाला सालीची सहा-सातशे किलो भुकटी आणि हजारभर किलो सुका गर विकता आला तर तो व्यवहार नजरेआड करण्याजोगा नाही.

फळाचा टाकाऊ भाग उपयोगात आणण्याची विद्या कोकणाला नवी नाही. रातांब्याची साल आमसुलासाठी गेली, रस आगळासाठी गेला, तरी बी फेकून देण्याचा शिरस्ता आपल्याकडे कधी नव्हता. बिया वाळवून, फोडून, कुटून पाण्यात उकळायच्या, वर आलेली चरबी काढून घ्यायची आणि तिचे मुठीत वळलेले गोळे पावसाळ्यात पायांच्या भेगांना लावण्यासाठी वर्षभर ठेवायचे, हे काम आपल्या आज्या-पणज्यांनी कोणत्याही संशोधनपत्रिकेचे नावही न ऐकता केले. युरोपीय संघाने २००० साली चॉकलेटासंबंधी जो निर्देश काढला, त्यात कोकोच्या लोण्याव्यतिरिक्त फक्त सहा वनस्पतिजन्य चरबींना, तयार मालाच्या शेकडा पाचपर्यंत, मुभा दिली आहे. त्या सहांत एक आपल्या कोकमाची, म्हणजे याच रातांब्याच्या बीची, आहे आणि दुसरी आंब्याच्या कोयीची. साध्या हवेत घट्ट राहणारी आणि तोंडातल्या उष्णतेने विरघळणारी अशी चरबी सृष्टीत फार थोड्या बियांत सापडते, आणि त्यांपैकी दोन आपल्या अंगणात आहेत ही गोष्ट कोकणच्या उद्योजकाने मनावर घेण्यासारखी आहे.

आता मुख्य मुद्दा. साल आणि कोय यांतून अन्नघटक तयार व्हायचा असेल तर फळापासून अलग होण्याच्या क्षणापासून त्यांना अन्न म्हणूनच वागवले पाहिजे. जी साल ओल्या फरशीवर पडली, फावड्याने ओढली, उन्हात ढिगात रात्रभर राहिली, तिच्यातून पुढे कोणतेही यंत्र अन्न निर्माण करू शकत नाही. वैशाखातील उष्म्यात अशा ढिगात यीस्ट आणि बुरशी काही तासांतच माजतात, पेक्टिनचा नाश करणारी द्रव्ये आपले काम सुरू करतात, आणि ढिगाच्या पोटात हात घातला तर तो ऊनऊन लागतो. यास्तव साल काढणाऱ्या प्रत्येक टेबलाशेजारी झाकणाचे स्वच्छ, अन्नास योग्य असे क्रेट ठेवावे, ते दर दोन तासांनी उचलण्याची जबाबदारी एकाच माणसाकडे नावनिशीवार सोपवावी, आणि साल निघाल्यापासून फार तर चार-सहा तासांत ती वाळवणीत जाईल असा बंदोबस्त करावा. वाळवणी यंत्राची जेवढी क्षमता असेल तेवढीच साल घ्यावी. उरलेली त्याच दिवशी खतात घालावी. ती उद्यासाठी ठेवण्याचा लोभ उद्याची चांगली सालही बिघडवतो.

सालीचा विचार बागेपासून करावा लागतो. रस पिणाऱ्याला सालीवरच्या फवाऱ्याशी कर्तव्य नसते, कारण साल त्याच्या पोटात जात नाही. आपण मात्र नेमकी तीच त्याच्या पोटात घालणार आहोत. तुडतुडे, फुलकिडे, भुरी आणि करपा यांसाठी मोहोरापासून फळ तयार होईपर्यंत ज्या फवारण्या होतात, त्यांचा अंश सालीवरच सर्वांत अधिक राहतो. म्हणून ज्या बागायतदाराची फवारणीची नोंदवही आहे, औषध व काढणी यांतले विहित अंतर ज्याने पाळले आहे, आणि कल्टार घातले असल्यास कधी व किती हे जो सांगू शकतो, त्याच्याच फळांची साल वेगळी ठेवावी. कार्बाइडने पिकवलेले फळ तर मुळात कायद्यानेच निषिद्ध आहे. कार्बाइडच्या भुकटीतून आर्सेनिकचा अंश फळावर येण्याचा संभव असल्याने अशा मालाच्या सालीचा विचारही करू नये. गवताच्या अढीत किंवा इथिलीन वायूच्या नियंत्रित खोलीत पिकलेला आंबाच घ्यावा. सोलण्यापूर्वी फळ दोन पाण्यांत धुवावे, देठाजवळचा भाग कापून टाकावा, आणि शेवटचे धुणे पिण्याच्या पाण्याने व्हावे.

देठाजवळचा भाग टाकण्यास आणखी एक कारण आहे. आंबा आणि काजू एकाच कुळातले. काजूच्या टरफलातील तेल जसे कातडीवर फोड आणते, तशाच जातीची परंतु सौम्य द्रव्ये आंब्याच्या चिकात व सालीत असतात, आणि चीक लागून ओठांच्या कडा सुजणारी माणसे आपल्यातल्या प्रत्येकाने पाहिली आहेत. बहुसंख्य लोकांना सालीच्या भुकटीचा त्रास होत नाही. तरीही चीक पूर्ण निथळलेला असावा, आणि तयार मालाच्या वेष्टनावर त्यात आंब्याची साल आहे हे स्पष्ट छापलेले असावे, म्हणजे ज्यास बाधते तो दूर राहील. ही सूचना छापल्याने खप कमी होईल अशी शंका घेणाऱ्यांना माझे आग्रहाचे सांगणे आहे की ज्या मालाविषयी एकदा अविश्वास उत्पन्न झाला तो पुन्हा बाजारात उभा राहणे कठीण.

निवडलेली साल तीन-चार मिनिटे वाफेत धरावी, म्हणजे ती काळी पडण्यास कारणीभूत असलेली द्रव्ये निष्क्रिय होतात. उकळत्या पाण्यातही हे काम होते, परंतु पाण्यात विरघळणारे गुणकारी अंश त्या पाण्याबरोबर निघून जातात. म्हणून वाफ बरी. नंतर सालीचे लहान तुकडे करून ट्रेवर एकेरी थर पसरावा आणि पंचावन्न ते साठ अंश सेल्सिअसवर वाळवावे. उष्णता वाढवून काम लवकर उरकण्याचा प्रयत्न केल्यास वरचा पापुद्रा कडक होऊन आतली ओल तशीच राहते आणि रंगही करपतो. सौर वाळवणीचा खर्च कमी खरा, परंतु कारखान्यांकडे आंबा सर्वाधिक येतो तो मेच्या उत्तरार्धात, म्हणजे आभाळ भरून येऊ लागते आणि खाऱ्या हवेतला दमटपणा वाढतो त्याच सुमारास. आणि जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मृग कोसळला की अंगणातली सर्व वाळवणे आवरावी लागतात. केवळ उन्हावर ज्याचा हिशेब उभा आहे त्याचा माल नेमक्या भराच्या वेळी सडणार हे ओळखून, सौर वाळवणीला लाकडाच्या भट्टीची किंवा विजेची जोड असलेले यंत्र घ्यावे.

वाळलेल्या सालीत ओल शेकडा आठ-दहाच्या वर नसावी. ओल मोजण्याचे लहान यंत्र फार महाग नसते आणि या धंद्यात ते तराजूइतकेच आवश्यक आहे. तरी हाताचा अंदाज म्हणून सांगायचे तर साल वाकवली असता न वाकता कट्‌कन मोडली पाहिजे. ती पूर्ण निवाल्यावरच दळावी, बारीक चाळणीतून चाळावी, आणि प्रकाश व हवा दोन्ही अडवणाऱ्या पाकिटांत बंद करावी, कारण तिच्यातील पिवळी रंगद्रव्ये उजेडात फिकी पडतात. प्रत्येक पाकिटावर घाण्याचा क्रमांक आणि तारीख असावी, आणि त्या क्रमांकावरून फळ कोणत्या बागेतले हे दप्तरात सापडले पाहिजे.

या भुकटीत कोरड्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास, कित्येकदा त्याहूनही अधिक, आहारतंतू असतात. त्यांतील मोठा भाग पाण्यात विरघळणारा म्हणजे पेक्टिनच्या जातीचा असतो, जो गव्हाच्या कोंड्यात फारसा मिळत नाही. शिवाय मँगिफेरिनसारखी पॉलिफेनॉल द्रव्ये आणि कॅरोटिनॉइड असतात. मैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत या भुकटीवर काम झाले आहे. तेथील प्रयोगांत बिस्किटांमध्ये पिठाच्या शेकडा दहापर्यंत भुकटी घातली तरी ती खाणाऱ्यांस रुचली, आणि मॅकरोनीत शेकडा पाचपर्यंत. त्यापुढे कडवट-तुरट चव डोके वर काढते. घरगुती उद्योगात थालीपिठाची भाजणी, नाचणीची बिस्किटे, आंबापोळीच्या कडेचा उरलेला भाग मिसळून केलेल्या वड्या, यांत ती शेकडा पाचपासून आरंभ करून वाढवत न्यावी. ताकात किंवा दुधात घालायची असल्यास फार बारीक दळावी लागते, नाहीतर जिभेला रेती लागते.

आहारतंतूंच्या दाव्याविषयी येथे थोडे थांबणे इष्ट आहे. आपल्या देशातील नियमांप्रमाणे शंभर ग्रॅम घन पदार्थात किमान ३ ग्रॅम आहारतंतू असतील तरच तो ‘तंतूंचा स्रोत’ म्हणता येतो, आणि ‘तंतूंनी समृद्ध’ म्हणायचे तर ६ ग्रॅम लागतात. बिस्किटात पिठाचा वाटा साधारण साठ टक्के धरला आणि त्या पिठात दहावा हिस्सा भुकटी घातली, तर शंभर ग्रॅम बिस्किटात सहा ग्रॅम भुकटी आणि तिच्यापासून सुमारे तीन ग्रॅम तंतू येतात. मैद्याचे थोडे त्यात मिळवावे. म्हणजे पहिली पायरी गाठली जाते, दुसरी बहुधा नाही. तेव्हा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा दाखला हाती येईपर्यंत वेष्टनावर एक शब्दही छापू नये. मधुमेह बरा होतो, कर्करोग टळतो अशी विधाने तर कायद्याच्या दृष्टीने दंडनीय आणि नीतीच्या दृष्टीने त्याहून वाईट आहेत. परीक्षानळीत एखाद्या द्रव्याने काही केले म्हणजे ते बिस्किट खाणाऱ्याच्या शरीरातही तसेच करते असे होत नाही. कोकमाच्या जातीच्या फळांच्या सालीतील हायड्रॉक्सिसायट्रिक आम्लाच्या नावाने वजन घटवण्याच्या गोळ्यांचा जो व्यापार जगभर झाला, त्याला पुरेसा शास्त्रीय आधार अद्याप मिळालेला नाही, ही गोष्ट ध्यानात असू द्यावी.

कोयीकडे वळू. तिच्या बाबतीत दोन शत्रू आहेत, ओल आणि बुरशी, आणि दोघांनाही अवधी देता कामा नये. रस काढल्यावर कोयी धुऊन, गराचा अंश काढून, लगेच वाळत टाकाव्या. एक-दोन दिवसांत बाहेरचे कवच सुकले की ते फोडून आतला गर मोकळा करावा आणि त्याचे काप करून पुन्हा वाळवावे. कवचासकट महिनाभर पोत्यात ठेवलेली कोय बाहेरून कोरडी दिसते. आत मात्र काळी बुरशी धरते, आणि त्यातल्या चरबीचे विघटन होऊन आम्लता इतकी चढते की खरेदी करणारा कारखाना माल परत पाठवतो. फोडताना सोंड्या भुंग्याने पोखरलेल्या, काळवंडलेल्या किंवा मोड आलेल्या कोयी निर्दयपणे बाजूला काढाव्या. बुरशी आलेल्या बियांत अफ्लाटॉक्सिनसारखी विषे निर्माण होऊ शकतात आणि ती भाजल्याने किंवा शिजवल्याने नाहीशी होत नाहीत. ओडिशातील डोंगराळ भागात कोयीचे पीठ हे टंचाईच्या दिवसांतले अन्न आहे. २००१ साली काशीपूर भागात आणि पुन्हा २०२४ साली कंधमाळ जिल्ह्यात कोयींची पेज खाल्ल्यानंतर माणसे दगावल्याच्या बातम्या आल्या आणि साठवणीत खराब झालेल्या कोयींवर संशय व्यक्त झाला. ज्यांनी ती खाल्ली त्यांच्या घरी दुसरे धान्य नव्हते, हे त्या घटनांमागचे खरे दुःख आहे. परंतु कोयीचे पीठ विकू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने त्यापासून सावधगिरीचा धडा घ्यावा.

याच कारणास्तव लहान कारखानदाराने कोयीचे खाण्याचे पीठ करण्याच्या फंदात पहिल्या काही हंगामांत पडू नये असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात पिष्ट निम्म्याहून अधिक असते, प्रथिनेही असतात; पण टॅनिनमुळे ते तुरट लागते, ते काढण्यासाठी पुष्कळ पाण्यात वारंवार भिजवावे लागते, आणि भिजवलेले पुन्हा वाळवावे लागते. चरबीविषयीही असेच. शेकडा सहा ते बारा चरबी असलेल्या बियांतून घाण्याने फारसे तेल सुटत नाही, पेंडीतच राहते. म्हणून हे काम द्रावकाने निष्कर्षण करणाऱ्या मोठ्या कारखान्यांचे आहे. आपण त्यांना स्वच्छ, कोरडा, बुरशीरहित गर पुरवावा. एकट्याच्या पाच-दहा पोत्यांसाठी असा कारखाना दारात येणार नाही. परंतु एका तालुक्यातील दहा-पंधरा रस काढणाऱ्यांनी आणि महिला बचत गटांनी मिळून एक गुदाम घेतले, ओलीची एकच मर्यादा ठरवली, आणि ट्रकभर माल एकत्र तोलून दिला, तर दर मागण्याची ताकद येते. या व्यवहाराचा करारनामा हंगामापूर्वी, फेब्रुवारी-मार्चमध्येच, लेखी व्हावा, आणि त्यात ओल, आम्लता व बुरशी यांच्या मर्यादा व नमुना कोण तपासणार याचा तपशील असावा.

पेक्टिनविषयी थोडक्यात सांगतो. आंब्याच्या सालीत ते कोरड्या वजनाच्या शेकडा दहा ते वीस असते, ही गोष्ट खरी. परंतु ते वेगळे करण्यासाठी तीव्र आम्लात तापवणे, गाळणे, मद्यार्काने साका बसवणे आणि तो मद्यार्क पुन्हा मिळवणे या सर्व क्रिया लागतात, मद्यार्कासाठी परवाना लागतो, आणि आम्लाच्या सांडपाण्याची व्यवस्था लागते. बाजारात लिंबूवर्गीय फळांचे व सफरचंदाचे पेक्टिन ठरलेल्या प्रतीने मिळते, त्याच्याशी स्पर्धा आहे. जॅम करणाऱ्याने आपल्याच सालीचा काढा करून तो आपल्याच जॅममध्ये दाटपणासाठी वापरावा, इतका उपयोग घरच्या घरी होऊ शकतो आणि तो चांगला होतो.

इतर फळांना हेच तत्त्व लागू आहे, प्रमाणे मात्र वेगळी. डाळिंबाचे दाणे काढणाऱ्या सोलापूरकडील उद्योगात सालीचे टॅनिन इतके प्रबळ असते की ती अन्नात चिमटीने वापरावी लागते. रंगकामाला मात्र तिला जुनी मागणी आहे, आणि तेथील राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राचा सल्ला घेता येतो. नागपुरी संत्र्याच्या सालीचे मोल तिच्या सुगंधी तेलात आहे, ते प्रथम काढून मगच साल वाळवावी. गोव्यात फेणीसाठी पिळलेल्या बोंडवांचा चोथा फार लवकर आंबतो, तेथे वेळेची निकड आंब्याहून कडक आहे. नाशिककडील द्राक्षमद्याच्या कारखान्यांतील चोथ्यात बी आणि साल वेगळी केल्याशिवाय दोहोंचेही मोल येत नाही.

आता दप्तराचे काम. रसासाठी घेतलेला अन्नसुरक्षेचा परवाना भुकटीला आपोआप लागू पडतो असे समजू नये; नवा जिन्नस परवान्यात दाखल करून घ्यावा, आणि ज्या घटकासाठी स्वतंत्र मानक नाही त्याला २०१७ च्या नियमांखाली पूर्वमंजुरी लागते किंवा कसे हे अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात लेखी विचारून उत्तर दप्तरी ठेवावे. माल बाजारात नेण्यापूर्वी ओल, कीटकनाशकांचे अंश, जड धातू, बुरशी-यीस्टची संख्या व अफ्लाटॉक्सिन एवढ्या तपासण्या करून घ्याव्या. त्यांचा खर्च पहिल्या वर्षी जड वाटेल. तो सहकाऱ्यांत वाटून घेणे हाच उपाय. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाकडे फळप्रक्रियेचे मार्गदर्शन मिळते, आणि सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्र सरकारने २०२० साली सुरू केलेल्या योजनेत प्रकल्पखर्चाच्या शेकडा ३५, कमाल दहा लाख रुपयांपर्यंत, कर्जाशी निगडित अनुदानाची तरतूद केली होती. अशी तरतूद चालू हंगामात उपलब्ध आहे का याची चौकशी तालुका कृषी अधिकाऱ्याकडे करावी. अनुदानाच्या भरवशावर मोठे यंत्र घेऊ नये. गिऱ्हाईक आधी शोधावे, पन्नास किलोचा नमुना त्याच्या बेकरीत किंवा कारखान्यात चालतो हे पाहावे, मगच वाळवणीची क्षमता वाढवावी.

पहिल्या हंगामात आपल्या एकूण सालीपैकी एक चतुर्थांशच हाती घ्यावी आणि ती उत्तम वाळवावी. फोडलेल्या कोयींची कवचे उन्हात टाकून ठेवावी, ती वाळवणीच्याच भट्टीत जळण म्हणून चांगली जळतात. बाद केलेली साल आणि चोथा शेणाबरोबर कालवून गोबरगॅसच्या टाकीत थोडाथोडा घालावा. हा माल आंबट असल्यामुळे एकदम ओतला तर टाकीतील वायू बंद पडतो, म्हणून आरंभी शेणाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा अधिक घालू नये, आणि ज्योत मंद झाली तर आठवडाभर नुसते शेणच घालून टाकी पूर्ववत होऊ द्यावी.